परत करायचं कापड

अंबुजाक्काचं दार दिवसभर उघडं असायचं. नुसतं लोटलेलं नव्हे, सताड उघडं, आणि वाऱ्यानं आपटू नये म्हणून खाली जुन्या कोळशाच्या इस्त्रीचं धूड टेकवलेलं. तमिळ मुलखातल्या आवडी गावी, सरकारी क्वार्टर्समध्ये तिचं दार आणि माझं दार समोरासमोर. सकाळी दुधाच्या पिशव्या उचलायला मी दार उघडलं, की समोर तिची बैठकीची खोली, तिचं शिवणयंत्र आणि यंत्रामागे दाराकडे तोंड करून बसलेली ती. मी मेली तोंडाळ. पहिल्याच आठवड्यात आमच्या ह्यांना म्हणाले, "सरकारनं आपल्यावर चौकीदार बसवलाय, बघितला का?" नंतर माझ्या लक्षात आलं की बाई माझ्याकडे बघतच नाही. ती जिना बघते.

आम्ही भुसावळकडून बदली होऊन आलो ते दोन हजार एक साली. ह्यांना काय, सकाळी भोंगा झाला की कारखान्यात जायचं. मरण माझं होतं. गॅसवाल्याला तमिळशिवाय काही कळत नव्हतं आणि मला तमिळ म्हणजे डब्यात खडे हलवल्यासारखं वाटायचं. एकदा जिन्यात त्याच्याशी हुज्जत घालून घालून मी शेवटी अस्सल आपल्या भाषेत म्हणाले, "मेल्या, सील फुटलंय, दिसत नाही का तुला?" तर समोरच्या दारातून शांतपणे आवाज आला, "त्यास मराठी येत नाहीं गे. मजला सांग, मी सांगत्यें."

माझ्या हातातून पैसे खाली पडले. जरीकाठाची नऊवारी नाही, आपली साधी सुती साडी, नाकात दोन्हीकडे चमकी, केसांत मोगऱ्याचा एवढासा तुकडा. दिसायला पक्की तिथली. आणि बोलणं ऐकावं तर जुन्या पोथीतलं, त्यालाही तमिळचे हेलकावे. तंजावरकडची मराठी माणसं ही. भोसल्यांच्या राज्याबरोबर कधीकाळी खाली उतरली ती तिथलीच झाली. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. मी हसू दाबत होते ते तिनं बरोबर ओळखलं. म्हणाली, "हास गे, हास. तुझी मराठी तरी काय, खडी फोडल्यागत." त्या दिवसापासून आमचं जमलं.

अक्का तिथल्या शाळेत शिवण शिकवायची. क्वार्टर तिच्याच नावावर होतं. मुलगा माधव इंजिनियर होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला, पेरुंगुडीला, एका कॉम्प्युटर कंपनीत लागला होता आणि रविवारी येऊन जायचा. नवरा दिसत नव्हता. पण दाराशी पुरुषाच्या चपला होत्या, तुळतुळीत पुसलेल्या, आणि अक्काच्या कपाळाला रुपयाएवढं कुंकू होतं. मी विचारलं नाही. मला सगळं विचारायची सवय आहे, तरी नाही विचारलं.

तिच्या घरात मला पहिल्यांदा धडकी भरवली ती भिंतीनं. यंत्राच्या डाव्या हाताला अख्ख्या भिंतीवर फिकट पिवळी फलालीन खिळ्यांनी ताणून मारली होती आणि तिच्यावर कापडाचे त्रिकोण चिकटवलेले होते, शेकड्यांनी. फलालीनला सुती कापड आपोआप धरतं, टाचणी लागत नाही. पंखा फिरायचा तसे ते सगळे तुकडे बारीक बारीक हलायचे. श्वास घेतल्यासारखे.

"गोधडी आहे का, अक्का?"

"गोधडीच की. पण ही लुगड्यांची नव्हे. एकाच कापडाची."

मग तिनं मला दाखवलं. मूळ कापड पडद्याचं होतं. काळपट हिरव्यावर ताटाएवढी लाल जास्वंदीची फुलं, वेली, पोपट आणि मधूनच एक डबकं. छापील कापडावर तीच नक्षी ठरावीक अंतरानं पुन्हा पुन्हा येते, तशी ही दीड हातावर पुन्हा यायची. अक्का नक्षीचे सहा तुकडे घेऊन एकावर एक ठेवायची. ठेवायची म्हणजे काय, दुपारच्या दुपार जायची त्यात. वरच्या पोपटाच्या चोचीत टाचणी खुपसली, की ती खालच्या पाचही पोपटांच्या चोचीतूनच निघाली पाहिजे. सुतभर हलली तर पुन्हा पहिल्यापासून. सहाही थर असे एकजीव झाले की अमेरिकेतल्या भाचीनं पाठवलेल्या चाकाच्या सुरीनं पट्ट्या कापायच्या आणि पट्ट्यांचे सारखे त्रिकोण. प्रत्येक वेळी हातात सहा हुबेहूब त्रिकोण यायचे. ते एका टोकाभोवती गोल मांडले की षटकोन.

तिथंच सगळी गंमत होती. जत्रेत ते बांगड्यांच्या काचांचं नळकांडं मिळतं ना, डोळ्याला लावून फिरवायचं, तसं व्हायचं. पानाचा एक कोपरा आणि फुलाची एक पाकळी, पण सहा वेळा फिरली की असं काही निघायचं जे त्या कापडावर कुठंही नव्हतं. चांदणी निघायची, समई निघायची, कोळी निघायचा. डबक्याचं पाणी मध्ये आलं की उघडं तोंड दिसायचं, आणि पोपटाचा डोळा आला की सहा डोळे एकाच बुबुळाभोवती जमून तुमच्याकडे बघायचे.

"हे कुठून आलं, अक्का? कापडावर तर नाही."

"कापडावरच होतं गे. आपणांस दिसत नव्हतं."

असं काही ती अगदी भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं तसं बोलायची, आणि लगेच कॉफी पुढं करायची. पितळी पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात, फेस येईस्तोवर. घाई हा शब्द तिला ठाऊक नव्हता. मी काही पटकन कर म्हटलं की म्हणायची, "घाई कोणांस? मजला नाहीं, कापडास नाहीं." तिच्या शाळेतल्या मुली घोकंपट्टी केल्यासारखं हे वाक्य म्हणत एकमेकींना चिडवायच्या. अक्कालाही ते माहीत होतं आणि तिला हसू यायचं.

तिचा एक नियम होता. डोळ्यांचे षटकोन निघाले की ते भिंतीच्या दाराकडच्या कडेला लावायचे. मी एकदा म्हटलं, मध्ये लावा, शोभून दिसतील. तर म्हणाली, "मधें राहून तें काय पाहतील? माझें तोंड?" मी कॉफी संपवली आणि घरी गेले.

पुढं संक्रांत आली. क्वार्टर्समध्ये आपली पंधरावीस मराठी घरं होती, त्यामुळे हळदीकुंकू म्हणजे मोठा थाट. मी अक्काला बोलावलं. ती आली, तिळगूळ घेतला, सगळ्यांच्या उखाण्यांना मनापासून हसली. कुंकू लावायचं काम कुलकर्णीबाईंकडे होतं. त्या ओळीनं लावत आल्या, अक्कापाशी थांबल्या, आणि करंडा घेऊन सरळ पुढच्या बाईकडे गेल्या. माझं टाळकंच सरकलं. मी म्हटलं, "कुलकर्णीबाई, डोळ्यांत तीळ गेलाय का तुमच्या?" त्या पुटपुटल्या, "तसं नव्हे हो, पण खरं काय ते कुणाला माहितेय?"

अक्का उठली नाही की रडली नाही. कपाळ पुढं केलं आणि म्हणाली, "लाव गे. चुकलें तर दोष मजला."

त्या रात्री मी तिचं राहिलेलं वाण द्यायचं निमित्त करून तिच्याकडे गेले, आणि तिनंच सांगितलं. राव, म्हणजे तिचा नवरा, बँकेत होते. गरीब स्वभाव, घरात वस्तू आणायची हौस, पण आणलेली एक धड नसायची. तिनं पडद्यांना कापड आणा म्हटलं तर जॉर्ज टाउनच्या घाऊक गल्लीतून स्वस्त मिळालं म्हणून अख्खं ठाण खांद्यावर टाकून आले. तेच, जास्वंदीचं. अक्कानं उलगडून पाहिलं आणि तिचं तोंड सुटलं. हे काय घराला लावायचं, सर्कशीचा तंबू आहे का, आयुष्यात एक कापड नीट आणता येत नाही तुम्हांस. रावांनी ठाण पुन्हा गुंडाळलं. "दुकानदार परत घेतो कां, विचारून येतों," म्हणाले. ठाण जड होतं, ते इथंच ठेवलं. आधी विचारून येतो, मग नेतो, म्हणून नुसतेच गेले. रबरी चपला घातल्या होत्या, चांगल्या दाराशीच राहिल्या.

ते गेले ते गेलेच. पोलीस झाले, इस्पितळं झाली, समुद्रावर, स्टेशनांवर फोटो लावून झाले. दुकानदार म्हणाला, तो माणूस परत आलाच नाही.

"म्हणून तुम्ही हे..." मी भिंतीकडे हात केला.

"कापड वाईट नव्हतें गे," अक्का म्हणाली. "मी पाहिलेंच नाहीं नीट. आतां पाहत्यें. ते आले की दाखवीन. म्हणेन, पाहा, यांत किती होतें. मी चुकल्यें."

घरी येऊन मी ह्यांना जेवायला वाढलं आणि भातावर वरण घालायचं विसरले. एवढंच सांगायला ती बाई वर्षानुवर्षं दार उघडं टाकून बसली होती. मला तिचा राग आला, कणव आली, आणि खोटं कशाला बोलू, भीतीही वाटली.

भीतीचं कारण दुसऱ्या एका दुपारी मिळालं. अक्काला शाळेत सहीला बोलावलं होतं. दार बंद करायचं नाही आणि घरात कोणीतरी असायलाच हवं, हा तिचा दुसरा नियम. म्हणून मी बसले तिच्या खुर्चीत. बाहेर आवडीचं ऊन, कावळासुद्धा ओरडेना. थोड्या वेळानं वीज गेली. पंखा गरगरत गरगरत थांबला. आणि मी बघते तर भिंतीवरचे त्रिकोण हलतायत.

वारा नव्हता. माझ्या घरचा पडदा मला समोर दिसत होता, तो मेल्यासारखा लोंबत होता. इथं मात्र दाराकडच्या कडेपासून एक लाट यावी तसे तुकडे उचलले जात होते आणि बसत होते. मी म्हटलं, शैला, उन्हानं डोळे दिपलेत तुझे. तेवढ्यात जिन्यावर चपलांचा आवाज आला. रबरी चपला पायाला चिकटून सुटताना करतात तो. एकेक पायरी वर येत होता. मधल्या वळणावर आला आणि थांबला. मी वाट बघितली. वर येईना, खाली जाईना. मी देवाचं नाव घेतलं आणि उठून कठड्यावरून वाकले. जिना रिकामा होता.

मागं वळले तर भिंतीवरून एक अर्धा षटकोन खाली पडला होता. षटकोन ती दोन अर्ध्यांत शिवायची, तीन आणि तीन, आणि सगळी मांडणी मनासारखी होईपर्यंत अर्धे जोडायची नाही. तसलाच एक, डोळ्यांचा. फरशीवर तीन डोळे पडलेले. मी त्याला हात लावला नाही, लावणारही नव्हते.

अक्का आली. चपला काढता काढताच तिनं विचारलं, "कोण आलें होतें?"

"कोणी नाही."

तिनं फरशीवर पाहिलं. तो तुकडा उचलला, फुंकर मारली आणि जागेवर लावला. "मग हें कोणी काढलें?" एवढंच म्हणाली, आणि पंखा सुरू नव्हता हे तिच्या लक्षातही आलं नाही. की आलं, कोण जाणे. मी त्या दिवशी कॉफी न पिताच पळाले.

वर्षं जातात. माधव रविवारी यायचा तो आता एक विषय घेऊन यायला लागला. बारा वर्षं होत आली होती. गेलेल्या माणसाचा बारा वर्षं पत्ता नसला, की त्याचे विधी करायचे असं त्यांच्या घरच्या गुरुजींनी सांगितलं होतं. देह नसतो, म्हणून दर्भाचा माणूस करतात, पळसाच्या पानांचे हातपाय लावतात, नारळाचं डोकं ठेवतात आणि त्याला अग्नी देतात. माधव वाईट मुलगा नव्हता. तो हे सगळं माझ्यासमोर सांगताना सारखा मराठी सोडून तमिळमध्ये आणि तमिळ सोडून इंग्रजीत शिरत होता. कुठल्याच भाषेत त्याला ते नीट म्हणता येत नव्हतं.

"मामी, तुम्ही सांगा ना अम्माला," तो मला म्हणाला. "अप्पा मधेच अडकलेत असं वाटतं मला. इकडे नाही, तिकडे नाही. मला झोप लागत नाही हो."

अक्का शेंगा सोलत होती. म्हणाली, "नारळाचें डोकें! त्यांचें डोकें नारळासारखें नव्हतें रे. पपईसारखें होतें." माधव हसला आणि हसता हसता रडायला लागला. मग तिनं शेंगा बाजूला ठेवल्या, त्याच्या केसांवरून हात फिरवला. "सरी, बरें. कर. पण गोधडी पुरी होऊं दे. ती पुरी झाली म्हणजे माझें पाहून झालें. मग मी अडवणार नाहीं."

मी मनात म्हटलं, आता ही बाई गोधडी जन्मात पुरी करत नाही. पण मी तिला ओळखलं नव्हतं. दिलेला शब्द म्हणजे शब्द. ती पूर्वीसारखीच बसायची, तितकीच सावकाश, पण एक दुपार चुकवायची नाही. ठाण संपत आलं. भिंत भरत आली.

मध्येच तिची निवृत्ती आली. क्वार्टर सोडायचं. माधवनं पेरुंगुडीला फ्लॅट घेतला होता, तो आनंदात होता. अक्काला मात्र मी पहिल्यांदा गोंधळलेली पाहिली. भांडी बांधायची सोडून ती दारात उभी राहायची. तिला एकच काळजी होती, राव आले तर इथंच येतील, दुसरा पत्ता त्यांना ठाऊक नाही. निघायच्या दिवशी तिनं माझे दोन्ही हात धरले. "तुझें दार समोर आहे. ते आले तर सांग. म्हण, पेरुंगुडीस गेल्यें. रागावून नव्हे म्हण." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तेव्हापासून मी माझं दार उघडं ठेवायला लागले. ह्यांनी विचारलं तर म्हटलं, उकडतं.

दोनेक वर्षांत आमचीही बदलीची ऑर्डर आली. मला आनंद व्हायला हवा होता, माहेर जवळ येणार होतं. पण राव आले तर आता तिथं सांगायला कोणी उरणार नव्हतं. हे अक्काला फोनवर कसं सांगू? म्हणून मी उठले आणि गेले. आवडीहून लोकल, मग बस, मग त्या महाबलीपुरमच्या रस्त्यानं ऑटोवाल्याशी भांडत पेरुंगुडी. दोन्ही बाजूंना काचेच्या इमारती. खाली पहारेकरी, त्यानं नाव विचारलं, वर फोन केला, मग लिफ्ट. एका मजल्यावर चार दारं, चारही सारखी, चारही बंद. फक्त एक उघडं. त्याला इस्त्री टेकवलेली होती.

अक्का जमिनीवर बसली होती. खूप वाळली होती. मांडीवर ती गोधडी होती, पुरी झालेली, जोडलेली, अस्तर लावलेली. मी कधी पुरी पाहिलीच नव्हती. काय सांगू! लाल, काळी, हिरवी, नुसती चक्रं फिरत होती तिच्यात. आणि अक्का सुईच्या टोकानं तिची शिवण उसवत होती. निम्मी उसवून झाली होती.

मी एकदम बोलून गेले, "अक्का, शब्द दिला होतात ना माधवला? मग हे टाळणं कशाला?"

"टाळत नाहीं गे." ती रागावली नाही. "विधी येत्या अवसेस आहे. मीच तिथी काढवली. त्याआधीं हें व्हायला हवें."

मग तिनं सांगितलं. गोधडी पुरी झाल्यावर तिनं ती समोरच्या भिंतीवर टांगली, दारातून दिसेल अशी. एका सकाळी ती आंघोळीला गेली होती. माधव कामावर. बाहेर आली तर मजला झाडणारी बाई दारात उभी. म्हणाली, एक म्हातारा आला होता. कोणाला न विचारता लिफ्टनं वर आला, दारात उभा राहिला, आत भिंतीकडे खूप वेळ पाहिलं. मग "इल्ले, इदु इल्ले" म्हणाला, आणि जिन्यानं खाली उतरून गेला.

नाही. हे नाही.

"माधव म्हणतो, कोणी चुकून आलें असेल," अक्का म्हणाली. "असेल. पण तूं विचार कर, शैला. घर नवें, गांव नवें, मी म्हातारी झाल्यें. त्यांस ओळखीचें एकच, तें कापड. त्यांणी स्वतःच्या हातानें आणलेलें. आणि तेंच मी फाडून असें करून टांगलें. कसें ओळखावें त्यांणी? दारापर्यंत आले आणि मीच परत पाठवलें. दुसऱ्यांदा."

मला तिला सांगायचं होतं की अक्का, हे खूळ आहे. जन्मभर मी जे मनात येईल ते तोंडावर बोलले. त्या दिवशी नुसती हातातली पिशवी खाली ठेवली.

आतल्या खोलीच्या दारावर एक जुनी चादर टांगलेली होती आणि तिच्यावर ती मूळ कापड पुन्हा मांडत होती. कुठल्या त्रिकोणाशेजारी कुठला होता ते तिला पाठ होतं. आधी शिवून पाहिलं, म्हणाली, पण प्रत्येक शिवणीत दोन्हीकडचं थोडं थोडं कापड आत जातं, फुलं आखडली, पोपटाची मान गेली. म्हणून ते सगळं पुन्हा उसवून आता कडेला कड लावून नुसती चादरीवर टाचत होती. उसवून उसवून कडा विसविशीत झाल्या होत्या. फूल पूर्ण होतं, पण त्याच्यावर त्रिकोणांची बारीक पांढरी जाळी होती, सगळीकडे. खिडकीच्या जाळीला कोणीतरी चेहरा लावून उभं असावं तसं ते कापड जाळीपलीकडून बघत होतं.

मी बसले तिच्याशेजारी, दुसरी सुई घेतली आणि उसवायला लागले. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी उसवत, टाचत बसलो. बदलीचं मी सांगितलंच नाही. ती म्हणाली तेव्हा कळलं की तिला माहीत होतं. "तुझें दारही आतां बंद होईल," ती म्हणाली. "म्हणूनच घाई गे." तिच्या तोंडून घाई शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

निघताना तिनं ती चादर काढली आणि माझ्या मदतीनं समोरच्या भिंतीवर टांगली. एक मोठं फूल, दोन पोपट आणि डबक्याचा तुकडा, एवढंच झालं होतं.

"जा, दारांत उभी राहा," ती म्हणाली. "बाहेर. उंबऱ्यापलीकडें. तिथून पाहा."

मी जाऊन उभी राहिले. मजल्यावर कोणी नव्हतं. लिफ्टचं दार बंद होतं आणि जिन्यावर उजेड कमी होता. आत भिंतीवर ते ढोबळ, भडक, सर्कशीच्या तंबूसारखं कापड. तेवढ्या अंतरावरून जाळी दिसत नव्हती.

"ओळखूं येतें कां?"

"येतं, अक्का. अगदी येतं."

तिनं मान हलवली. पदर नीट केला, कुंकू ठीक आहे की नाही ते बोटानं चाचपलं आणि त्या कापडाशेजारी भिंतीला टेकून उभी राहिली.

"मग तूं जरा बाजूस हो," ती म्हणाली.

मी बाजूला झाले.